क्लब बदलत राहणारा स्ट्रायकर आला कुठून?

'जर्नीमन' म्हटलं की प्रवास आठवतो: आज या क्लबात, उद्या त्या. पण शब्दाचं मूळ प्रवासात नाही, दिवसात आहे. 'दिवस' या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून तो आला. शिकाऊ उमेदवारी संपलेला, पण स्वतःचं दुकान नसलेला, दिवसाच्या मजुरीवर राबणारा कारागीर म्हणजे जर्नीमन. फुटबॉलमध्ये सतत क्लब बदलणाऱ्या खेळाडूसाठी हा शब्द जरा हिणवूनच वापरतात. मला ते पटत नाही. कुठे राहायचं, कुठे जायचं हे बहुतेक वेळा या माणसाला विचारून ठरतच नाही.

एके काळी तर निघून जाणंही त्याच्या हातात नव्हतं. इंग्लंडमध्ये १८८५ साली पैसे घेऊन खेळण्याला मान्यता मिळाली, १८८८ मध्ये लीग सुरू झाली आणि १८९३ पासून 'रिटेन अँड ट्रान्सफर' पद्धत आली. करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबाकडेच राहायची. क्लब सोडत नसेल तर लीगमध्ये दुसरीकडे खेळायची सोय नाही. १९०१ मध्ये पगारावरही आठवड्याला ४ पौंडांची कमाल मर्यादा आली. १९०५ मध्ये आल्फ कॉमन हा फॉरवर्ड सँडरलँडहून मिडल्सब्रोला गेला, तो १,००० पौंडांचा पहिला सौदा. पैसे क्लबाने क्लबाला दिले. खेळाडूच्या पगाराला मर्यादा होतीच.

ही मर्यादा २० पौंडांवर असताना १९६१ मध्ये उठली. त्याआधी १९६० मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज ईस्टहॅमने नवा करार करायला नकार देऊन खेळणंच थांबवलं होतं. पुढे तो आर्सेनलला गेला, पण न्यूकॅसलविरुद्धचा खटला सोडला नाही. १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी खेळाडूला अडकवून ठेवणारा भाग अन्यायकारक ठरवला. करार संपल्यावर क्लब निवडायची मुभा १९७८ मध्ये मिळाली, तरी जुन्या क्लबाला भरपाई द्यावी लागेच. ती अट युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ च्या बोस्मन निकालात मोडली. जाँ-मार्क बोस्मन हा बेल्जियन मिडफिल्डर. फायदा सगळ्यांनाच झाला.

आता बेडी गेली, पण तिच्याबरोबर शाश्वतीही गेली. मोठ्या नावांना मोकळेपणाची किंमत वसूल करता आली. मधल्या दर्जाच्या खेळाडूच्या वाट्याला छोटे करार, लोनवरचे (दुसऱ्या क्लबाकडे उसने जाण्याचे) महिने आणि दर उन्हाळ्यात नवं घर शोधणं आलं. त्यातही स्ट्रायकरचं, म्हणजे गोल करणाऱ्याचं, काम उघड्यावर मोजलं जातं. बचावपटूची चूक दहा जणांत वाटली जाते, पण सात सामने गोल नाही म्हणजे सात सामने गोल नाही. आणि तळाला घसरलेल्या संघाला जानेवारीत, हंगामाच्या मध्यावर खेळाडूंची खरेदी खुली होते तेव्हा, सगळ्यात आधी गोलच विकत हवे असतात. म्हणून स्ट्रायकरच पटकन नकोसा होतो आणि तोच पटकन हवाहवासाही.

इंग्लिश स्ट्रायकर रिकी लॅम्बर्टचं उदाहरण घ्या. लिव्हरपूलने त्याला किशोरवयात सोडलं. पुढे मॅकल्सफील्ड या क्लबात जागा मिळवायची धडपड चालू असताना तो कारखान्यात बीटाच्या बरण्यांना झाकणं लावत होता. स्टॉकपोर्ट, रॉचडेल, ब्रिस्टल रोव्हर्स करत तो साउदॅम्प्टनला पोचला. ऑगस्ट २०१३ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, वेम्बलीवर स्कॉटलंडविरुद्ध बदली म्हणून उतरला आणि इंग्लंडसाठीच्या पहिल्याच स्पर्शात हेडरने गोल केला. पुढच्या वर्षी लिव्हरपूलने त्याला विकत घेतलं.

उरुग्वेचा सेबास्तियन अब्रेऊ तर या जमातीचा राजा. २०१७ मध्ये चिलीच्या ऑडॅक्स इटालियानोत गेला तेव्हा तो त्याचा २६ वा क्लब होता आणि गिनीज बुकात नोंद झाली. त्यानंतरही तो थांबला नाही. २०१० च्या विश्वचषकात घानाविरुद्धची निर्णायक पेनल्टी त्याने हळूच चिप करून मारली.

मला मात्र इंग्लिश स्ट्रायकर स्टीव्ह क्लॅरिज जास्त जवळचा वाटतो. मोजे खाली, शर्ट बाहेर. १९९६ च्या प्लेऑफ (बढतीसाठीच्या लढती) अंतिम सामन्यात अतिरिक्त वेळेच्या शेवटच्या क्षणी त्याच्या गोलने लेस्टर वरच्या विभागात गेलं. दहा वर्षांनी, चाळिशीत, तो ९९९ सामन्यांवर अडकला होता. बोर्नमथने, जिथून त्याची लीग कारकीर्द सुरू झाली होती, त्याला हजाराव्या सामन्यापुरतं घेतलं. ९ डिसेंबर २००६ ला पोर्ट व्हेलविरुद्ध तो खेळला. बोर्नमथ ०-४ ने हरलं.