‘पॉझिटिव्ह’ म्हणजे आजार झाला असं नव्हे

‘एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह आलं की मणक्याचा संधिवात ठरलेलाच,’ हा मेसेज आमच्या सोलापूरच्या ग्रुपवर अधूनमधून फिरतो. परवा शेजारच्या काकू मुलाच्या याच रक्ततपासणीचा रिपोर्ट घेऊन आल्या. ‘पॉझिटिव्ह’खाली पेनाने दोन रेघा. घाबरणं साहजिकच, शब्दच तसा आहे.

बी२७ हा जंतू नाही. सहाव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकाचा जन्मजात प्रकार आहे. मेसेजमधल्या मणक्याच्या संधिवाताशी, म्हणजे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसशी, त्याचं नातं १९७३ मध्ये समोर आलं आणि ते खरंच घट्ट आहे. बहुतेक रुग्णांत बी२७ सापडतो. गफलत होते ती वाक्य उलटं वाचल्याने. सोलापुरी चादर विणणारे बहुतेक सोलापूरचेच, म्हणून प्रत्येक सोलापूरकर काही मागावर बसत नाही! बी२७ असलेल्या शंभरातल्या नव्वदहून अधिक जणांना हा आजार कधीच होत नाही.

सगळी जनुकं वाचून काढली तरी शक्यताच कळते, निदान होत नाही. आजाराशी जोडलेल्या गुणसूत्रांवरच्या इतर जागा पुष्कळ सापडल्यात, पण एकेकीचा वाटा चिमूटभर.

पडताळायचं तर आधी कंबरेला विचारा: तीन महिन्यांहून जास्त दुखतेय? सकाळी आखडते, हालचालीने मोकळी होते? तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा.

काकूंच्या मुलाला यातलं काहीच नव्हतं. मित्राने केली म्हणून त्यानेही टेस्ट केली होती.