भाचीची उंची आणि तीस लाखांची सळी

ताईचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. पिंपळगाव बसवंतला तिच्या घरी एवढ्या रात्री कुणी जागं नसतं. पहाटे फवारणीचा ट्रॅक्टर सुरू होतो. "अरे, ह्यांनी मोबाइलवर बघितलंय. अमेरिकेत म्हणे दंडात एक सळी बसवतात, मग वर्षभर इंजेक्शन नाही. तीस लाख लागतात. हे म्हणतायत, रस्त्याकडचा एकर काढून टाकू."

भाची सात वर्षांची, दुसरीत. दिवाळीला घेतलेला फ्रॉक उन्हाळ्यात आखूड झाला तेव्हा सगळ्यांना कौतुकच वाटलं होतं. मग एक दिवस आंघोळ घालताना ताईच्या हाताला तिच्या छातीत गाठ लागली. आजी हळूच म्हणाली, "ही लवकर शहाणी होणार." नाशिकच्या डॉक्टरांनी डाव्या मनगटाचा एक्स-रे काढला, तर हाडांचं वय साडेनऊ निघालं. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली आणि दर २८ दिवसांनी एक इंजेक्शन ठरलं. दोन टोचून झाली होती. तिसऱ्याच्या आदल्या रात्री पोर रडत बसली आणि दाजींनी मोबाइल हातात घेतला.

मी औषधनिर्माणशास्त्र शिकलो म्हणून घरातली औषधांची सगळी प्रकरणं माझ्याकडे येतात. दुसऱ्या दिवशी पिंपळगावला गेलो. तिथल्या ओट्यावर झालेलं बोलणं इथे सविस्तर लिहितोय, कारण एकर विकायला निघालेले दाजी काही एकटे नाहीत.

मुलीला आठव्या वर्षाआधी आणि मुलाला नवव्या वर्षाआधी वयात येण्याची लक्षणं दिसू लागली, तर डॉक्टर त्याला अकाली वयात येणं म्हणतात. त्यातल्या सर्वांत नेहमीच्या प्रकाराची सुरुवात मेंदूत होते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तिथून जीएनआरएच हे संप्रेरक निघतं आणि खालच्या पिट्यूटरी ग्रंथीला जागं करतं. पिट्यूटरी पुढे बीजांडकोशांना किंवा वृषणांना निरोप देते. बाळपणी ही साखळी झोपलेली असते. ती वेळेआधी जागी झाली की इस्ट्रोजेन वाढतं, मूल झपाट्यानं उंच होतं, आणि तेच इस्ट्रोजेन हाडांच्या टोकांची वाढीची कूर्चाही लवकर बंद करून टाकतं. दुसरीत सगळ्यांत उंच असलेली मुलगी दहावीत सगळ्यांत बुटकी राहते, ती यामुळे. दाजींना हे सांगायला फार शब्द लागले नाहीत. ते म्हणाले, "म्हणजे घड लवकर लागला आणि शेंडा थांबला." बरोबर तेच.

त्यांच्या मनातला खरा प्रश्न नंतर आला, तोही मान खाली घालून. "पोर रोज आपल्या बागेतली द्राक्षं खाते. जीए मारलेली. त्यानं तर नाही ना झालं?"

जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड, वनस्पतींचं संप्रेरक. द्राक्षाच्या पेशीत ते ओळखणारा ग्राहक-रेणू असतो, म्हणून मणी लांबतो आणि फुगतो. माणसाच्या पेशीत तो ग्राहक नाहीच. कीटकनाशकांच्या उर्वरित अंशाचा प्रश्न वेगळा आहे आणि द्राक्षं धुऊनच खावीत, पण जीएमुळे मुलगी वयात येत नाही. दुधाबद्दलही असंच बोललं जातं, की म्हशीला पान्हा फुटायला ऑक्सिटोसिन टोचतात आणि ते दुधातून पोरींच्या अंगात जातं. ऑक्सिटोसिन नऊ अमिनो आम्लांची छोटी साखळी आहे. पोटात गेली की अन्नातल्या प्रथिनासारखी तिचीही मोडतोड होते. आणि भाचीला जे ल्युप्रोलाइड टोचतात, तीसुद्धा नऊ अमिनो आम्लांचीच साखळी आहे. ती तोंडावाटे टिकत नाही, म्हणूनच बिचारीला सुई घ्यावी लागते. जनावरांना चोरून ऑक्सिटोसिन देणं वाईटच आहे. पण पोरीला दूध पाजल्याचा दोष ताईनं चार महिने स्वतःला दिला होता, आणि तो तिच्या डोक्यावरून उतरणं मला औषधाइतकंच गरजेचं वाटलं.

बहुतेक मुलींमध्ये नेमकं कारण सापडतच नाही. काही घरांत ते आनुवंशिक असतं. एमकेआरएन-३ या जनुकातल्या बिघाडाशी असलेला संबंध २०१३ मध्ये कळला. कोविडच्या टाळेबंदीनंतर अशा मुली वाढल्याचं इटलीतल्या आणि आपल्या पुण्यातल्याही डॉक्टरांनी नोंदवलं आहे. मुलग्यांचं मात्र वेगळं. त्यांच्यात मेंदूतली गाठ किंवा तसं काही कारण सापडण्याची शक्यता बरीच जास्त, म्हणून त्यांचा आणि सहा वर्षांखालच्या मुलींचा एमआरआय टाळू नये. क्षयामुळे मेंदूच्या आवरणाला सूज येऊन गेलेल्या मुलांमध्येही हे दिसतं.

आता औषध. ते मला आजही चकित करतं, कारण वयात येणं थांबवायला जीएनआरएचचंच भावंड टोचतात. नळ बंद करायला आणखी पाणी सोडण्यासारखं हे वाटतं. जीएनआरएचची रचना १९७१ मध्ये उलगडली आणि त्या कामासाठी अँड्र्यू शॅली व रॉजर गिलेमिन यांना १९७७ चं नोबेल मिळालं. पुढच्याच वर्षी अर्न्स्ट नोबिल यांच्या गटानं माकडांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या माकडांच्या मेंदूत स्वतःचं जीएनआरएच तयार होत नव्हतं, त्यांना ते तासातासानं थोडं थोडं दिलं, तर पिट्यूटरी व्यवस्थित चालली. तेच अखंड धारेनं दिलं, तर ती गप्प झाली. पुन्हा तासातासानं दिलं, तर पुन्हा चालू.

गंगापूर धरणातून कालव्याला पाणी सुटतं ते आवर्तनानं. दोन आवर्तनांच्या मध्ये जमिनीला वाफसा येतो, तेव्हाच मुळं काम करतात. वाफ्यात कायम पाणी तुंबलं तर पिवळी पडतात. पिट्यूटरीचं तसंच आहे. तासा-दीड तासानं येणारी लाट तिला कळते; सतत येणाऱ्या निरोपाकडे ती पाठ फिरवते आणि आपले ग्राहक-रेणू आत ओढून घेते. ल्युप्रोलाइड, ट्रिप्टोरेलिन, हिस्ट्रेलिन ही सगळी औषधं हा कायमचा निरोप देतात. साखळी झोपी जाते, कूर्चा उघडी राहते, आणि औषध थांबवलं की साधारण वर्षा-दीड वर्षात पाळी नैसर्गिकपणे सुरू होते. मुलांवर हा उपचार १९८१ पासून होतो आहे. पुढे मूल होण्यात त्यामुळे अडचण आल्याचं दिसलेलं नाही. ताईनं हे मला दोनदा विचारलं, म्हणून इथेही स्पष्ट लिहितो.

दाजींची सळी म्हणजे यातलंच हिस्ट्रेलिन. साडेतीन सेंटिमीटर लांब, तीन मिलिमीटर जाड, मऊ नळी. वरच्या दंडाच्या आतल्या बाजूला, कातडीखाली, छोट्या शस्त्रक्रियेनं बसवतात. अमेरिकेत मुलांसाठी तिला २००७ मध्ये परवानगी मिळाली. सोय मोठी आहे, यात शंका नाही. पण आकडे बघा. सळीत ५० मिलिग्रॅम औषध असतं आणि रोज सुमारे ६५ मायक्रोग्रॅम बाहेर पडतं. ३६५ दिवसांचा गुणाकार केला तर चोवीस मिलिग्रॅमही होत नाहीत. नियम वर्षानं बदलण्याचा, आणि निम्म्याहून जास्त औषध आत शिल्लक! एकच सळी दोन वर्षं परिणाम टिकवते, असं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, आणि तिथले काही डॉक्टर रक्त तपासत तसं करतातही. त्यानं खर्च निम्मा होतो. मात्र जुनी झालेली सळी काढताना तुटू शकते.

किमतीचं तर मला अजून पटत नाही. प्रौढांच्या प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी ५० मिलिग्रॅम हिस्ट्रेलिनचीच एक सळी तिथे मिळायची, सुमारे साडेचार हजार डॉलरला. मुलांच्या सळीची छापील किंमत तेव्हा सदतीस हजार डॉलरच्या आसपास होती. रोज सुटणाऱ्या मात्रेत थोडा फरक, बाकी औषध तेच. पुढे मोठ्यांची स्वस्त सळी बाजारातूनच गेली. दाजींचे तीस लाख हे असे येतात.

मी त्यांना एवढंच विचारलं, की सळीनं भाचीची उंची इंजेक्शनापेक्षा जास्त वाढेल का? नाही. काम एकच आहे. भारतात बहुतेक मुलांवर ल्युप्रोलाइड किंवा ट्रिप्टोरेलिनच्या इंजेक्शनांनीच उपचार होतो. महिन्याचं ३.७५ मिलिग्रॅमचं असतं, तसं तीन महिन्यांचं ११.२५ चंही. औषध तिप्पट, पण सुया वर्षाला तेराऐवजी चार. आणि पिंपळगावहून नाशिकच्या नऊ फेऱ्या, नऊ बुडालेल्या शाळा, नऊ बुडालेले रोज वाचतात. भाचीचं रडणं सुईच्या संख्येवरून होतं. पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे विचारा म्हटलं, आणि विचारल्यावर डॉक्टरांनी लगेच होकार दिला. इतके दिवस आपण विचारलं कसं नाही, म्हणून ताई हळहळली.

खर्चाचं आणखी थोडं. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत ल्युप्रोलाइडचा समावेश झाला. नोंद कर्करोगाच्या औषधांत आहे, पण यादीतल्या मात्रेची कमाल किंमत सरकार ठरवतं आणि ती रुग्ण कोण आहे हे बघत नाही. 'फार्मा सही दाम' या सरकारी ॲपवर किंमत पडताळता येते. नाशिकच्या गोळे कॉलनीतल्या घाऊक औषध दुकानांत छापील किमतीपेक्षा कमीत मिळतं का, हे विचारायला लाजू नये. मात्र बॅच क्रमांकासह पक्कं बिल घ्यावं आणि औषध फ्रिजमध्ये ठेवायचं आहे का ते खोक्यावर वाचावं. लागलं तर बर्फाच्या पाकिटासोबत न्यावं, गोठू देऊ नये. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा भर दाखल रुग्णांवरच्या उपचारांवर आहे, तेव्हा बाह्यरुग्ण विभागातल्या इंजेक्शनाबद्दल आरोग्यमित्राला आधीच विचारावं. सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. बिल आल्यावर नव्हे, तपासण्या लिहून दिल्या की त्याच दिवशी त्यांना भेटावं.

आणि एक बचत मुळीच करू नये. दोन मुलांत एक कुपी वाटून घेण्याची. हे इंजेक्शन म्हणजे साधं विरघळलेलं औषध नव्हे. विरघळणाऱ्या टाक्यांच्या दोऱ्यासाठी वापरतात तशा पदार्थाचे अतिसूक्ष्म मणी असतात, त्यात औषध कोंडलेलं असतं. द्रवात ते तळाशी बसतात. अर्धी कुपी म्हणजे अर्धी मात्रा, असं त्यात होत नाही. तारीख चुकवणं हीसुद्धा बचत नव्हे. मध्ये खंड पडला तर साखळी जागी होते.

सुरुवातीच्या दोन-चार आठवड्यांत लक्षणं उलट वाढलेली वाटू शकतात, कारण पिट्यूटरी गप्प होण्याआधी एकदा उसळते. एखाद्या मुलीला थोडा रक्तस्रावही होतो. हे आधी सांगितलं नाही तर घरचे घाबरून उपचार सोडतात. सुईच्या जागी कधी गळू होतं. चिडचिड, रडवेपणा वाढला तर डॉक्टरांना सांगावं. क्वचित दिसणारी, पण न थांबता दाखवायची गोष्ट म्हणजे कवटीतला दाब वाढणं: सतत डोकेदुखी, उलट्या, अंधुक दिसणं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२२ मध्ये याचा इशारा औषधांच्या माहितीपत्रकात घालायला लावला. आकडी (फिट) आली तरीही तातडीनं रुग्णालय गाठावं. परदेशातून सळी बसवून आलेलं मूल असेल तर कागद जपून ठेवावेत. ती एक्स-रेमध्ये दिसत नाही, शोधायची तर सोनोग्राफी लागते. आणि नुसतं 'दंडात सळी' म्हटलं तर ती गर्भनिरोधक सळी समजली जाण्याचा घोळ होऊ शकतो.

सगळ्याच मुलींना औषध लागतं असंही नाही. सात-आठ वर्षांच्या पुष्कळ मुलींची लक्षणं अगदी सावकाश पुढे सरकतात. तिथे तीन-सहा महिने उंची मोजत राहणं हाच उपचार. सहा वर्षांआधी सुरू केलं तर उंचीला सर्वांत जास्त फायदा, आठच्या पुढे थोडाच. भाचीचं हाडांचं वय वेगानं पळत होतं, म्हणून तिला सुरू केलं. साधारण अकरा-बाराव्या वर्षी थांबवतील.

तीन महिन्यांनी पुन्हा फोन. या वेळी ताई वेगळ्याच काळजीत. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं खुणा करते ती. "अरे, दीड सेंटिमीटरच वाढली. आधी दुप्पट वाढायची. औषधानं वाढ खुंटली का?" मी म्हटलं, ताई, सात वर्षांच्या पोरीनं वर्षाला पाच-सहा सेंटिमीटरच वाढायचं असतं. हाच वेग हवा होता.

दाजींनी फवारणीच्या वहीत, बुरशीनाशकांच्या रकान्याशेजारी, तिच्या इंजेक्शनाचा नवा रकाना आखलाय. पुढची तारीख ऐन ऑक्टोबर छाटणीत येतेय. चार दिवस पुढे ढकलू का, असं त्यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, पुढे नको, चार दिवस आधी या. मजुरांना त्या दिवशी सुट्टी सांगून झाली आहे.