जास्वंदीच्या कळ्या मुंग्या खातात?

गणपती जवळ आले की पुण्यातल्या गच्च्यांवर हीच तक्रार: मुंग्यांनी जास्वंद खाल्ली, कळ्या गळाल्या. मग कुंडीत मुंग्यांची पावडर पडते. नका टाकू! पानं कापून नेणाऱ्या मुंग्या अमेरिका खंडात असतात, आपल्याकडे नाहीत.

कळीचा देठ उलटून बघा. कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण, कोवळ्या शेंड्याला चिकटलेले बारीक किडे म्हणजे मावा. रस शोषतात ते हे. रसात साखर भरपूर, प्रथिनांना लागणारे घटक कमी. म्हणून ते खूप रस पितात आणि जादा साखर चिकट थेंबांतून टाकतात. मुंगी येते ती या थेंबांसाठी.

वेताळ टेकडीवर रुईच्या शेंड्यावरचा पिवळा मावा भिंगातून जरूर बघा. मुंगी मिशांनी किड्याला हलकेच थोपटते, मागून थेंब येतो, ती तो पिऊन टाकते. बदल्यात मावा खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावते. म्हणजे मुंग्या अगदीच निर्दोष नाहीत, त्यांच्या पहाऱ्यात कीड वाढते. पण नुसत्या मुंग्या मारून रस शोषणं थांबत नाही. पाण्याचा जोरदार फवारा शेंड्यांवर मारा, पिठ्या ढेकणांवर साबणाच्या पाण्यात कालवलेलं कडुनिंबाचं तेल.