कंप्रेसर पाणी मारतो, कारण टाकीत वाफेला जागा पुरत नाही

पावसाळा लागला की पुण्यातल्या घरगुती वर्कशॉपवाल्यांची एक तक्रार ठरलेली असते, कंप्रेसर पाणी मारतोय, म्हणजे रंगाच्या गनमधून हवेबरोबर पाण्याचे थेंब येतायत. कोणी पार्किंगच्या कोपऱ्यात कपाटाच्या दारांना पीयू पॉलिश मारत असतो, कोणी जुन्या स्कूटरला ड्युको रंग, आणि ऐन शेवटच्या हाताला गनमधून फर्र करून थेंब उडाले की सगळं पॅनल परत घासायला घ्या. मग सल्ले सुरू होतात. टाकी डुप्लिकेट आहे, गॅस्केट गेलंय, दोन एचपीचा घेतलास म्हणून असं होतंय, तीनचा घ्यायचा. परवा ओळखीतल्या एका भल्या माणसाने एवढ्याच कारणासाठी उत्तम चालणारा कंप्रेसर विकायला काढला, तेव्हा म्हटलं यावर एकदा नीट लिहायलाच पाहिजे. नवीन आणला तरी तोही पाणी मारणार, आणि तीन एचपीचा आणला तर तासाला जास्त पाणी मारणार.

पाणी हवेतलंच असतं. २५ अंश सेल्सिअसला एक घनमीटर जागेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात राहू शकतं. जुलैमध्ये पुण्यात आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असणं काही विशेष नाही, म्हणजे प्रत्येक घनमीटर हवेत साधारण २० ग्रॅम पाणी आहेच. आता आपली ५० लिटरची टाकी गेजवर ८ बारपर्यंत (म्हणजे बाहेरच्या हवेचा एक बार धरून नऊपट दाबाला) भरायला पंप बाहेरची चारशे लिटरच्या वर हवा ओढतो, आणि टाकीत आधीच असलेली हवा धरून ९ ग्रॅम पाणी आत येतं. टाकी गार झाल्यावर त्या ५० लिटरमध्ये वाफ म्हणून राहू शकतं जेमतेम सव्वा ग्रॅम. उरलेलं सगळं तळाला. हे फक्त एकदा टाकी भरण्याचं झालं. मिनिटाला १०० लिटर हवा देणारा कंप्रेसर तासभर चालवलात तर ६ घनमीटर हवा, १२० ग्रॅम पाणी, आणि त्यातलं शंभरेक ग्रॅम कुठे ना कुठे थेंब होऊन बाहेर पडणारच.

इथे बहुतेकांच्या डोक्यात एक चित्र असतं की ओलं फडकं पिळावं तसं प्रेशरने हवेतलं पाणी पिळून निघतं. ते चित्र चुकीचं आहे आणि खरी गोष्ट त्याहून कितीतरी सुंदर आहे, म्हणून थोडा वेळ द्या.

शाळेत अणुसिद्धांतापुरता भेटलेला जॉन डाल्टन मुळात हवामानवेडा माणूस होता. १७८७ पासून १८४४ मध्ये मरेपर्यंत तो रोजच्या हवामानाच्या नोंदी ठेवत होता, आणि हवेतल्या बाष्पाचा विचार करता करताच १८०१ च्या सुमारास त्याच्या लक्षात आलं की मिसळलेल्या वायूंपैकी प्रत्येक जण बाकीचे तिथे नसल्यासारखाच वागतो. प्रत्येकाचा आपापला दाब, आणि सगळ्यांची बेरीज म्हणजे आपल्याला गेजवर दिसतो तो दाब. आता हे आपल्या टाकीला लावून बघा. टाकीत नायट्रोजन-ऑक्सिजनचे रेणू नऊपट कोंबले तरी वाफेला त्याचं काही देणंघेणं नाही. ५० लिटर जागेत २५ अंशांना किती वाफ मावणार हे फक्त ५० लिटर आणि २५ अंश हे दोनच आकडे ठरवतात. टाकी उघडी ठेवून नुसती पडू दिली तरी सव्वा ग्रॅम, ८ बारला भरली तरी जवळपास सव्वाच ग्रॅम. आपण आत आणली मात्र नऊपट हवा, तिच्याबरोबर नऊपट वाफ आली, आणि वाफेसाठी जागा वाढलेली नाही. अगदी काटेकोर बोलायचं तर वाफेचा आंशिक दाब हवेबरोबर नऊपट व्हायला जातो, पण त्या तापमानाच्या संपृक्त दाबाच्या, म्हणजे वाफेला शक्य असलेल्या सगळ्यात जास्त दाबाच्या, वर तो टिकत नाही, म्हणून जादा वाफ द्रवात जाते. शिवाजीनगरच्या शिमला ऑफिसातले हवामानवाले दवबिंदू काढतात तो याच नियमाने, फक्त तिथे हवा गार होते म्हणून वाफेला जागा कमी पडते आणि इथे आपण स्वतः जागा कमी करतो.

म्हणजे सगळी सूत्रं तापमानाच्या हातात आहेत, आणि नेमकं तिथेच घरगुती कंप्रेसरचं घोडं अडतं. हवा झटकन दाबली की तापते. २७ अंशांची हवा उष्णता अजिबात बाहेर जाऊ न देता नऊपट दाबाला नेली तर हिशोबाने ती २९० अंशांच्या घरात जाते. पंपाच्या हेडवरच्या पात्यांमधून (फिन्समधून) बरीच उष्णता निघून जाते म्हणून प्रत्यक्षात इतकी नसते, पण पंपातून बाहेर पडताना दीडशेच्या आसपास सहज असते. एवढ्या गरम हवेत पाण्याचा थेंब सापडणार नाही, सगळी वाफ. ती टाकीत येते, थोडी निवते, थोडं पाणी सोडते, आणि तुम्ही सलग फवारत असाल तर पुरती गार व्हायच्या आत पाइपात जाते.

आता टाकीच्या तोंडालाच लावलेला तो छोटा काचेच्या वाटीचा फिल्टर बघा. तो थेंब पकडतो, वाफ त्याच्यातून सरळ आरपार जाते. तासभर चालून हवा ६० अंशांवर असेल तर आपल्या त्या १२० ग्रॅम पाण्यातलं ८५ ग्रॅमच्या आसपास वाफ बनून फिल्टरच्या पलीकडे जातं आणि पुढे दहा मीटरच्या होजमध्ये गार होऊन थेंब बनतं, म्हणजे बरोबर गनच्या तोंडाशी. तीच हवा फिल्टरच्या आधी ३० अंशांपर्यंत उतरवली तर पलीकडे जातं २० ग्रॅम. फिल्टर तोच, वाटी तीच, फक्त हवा आधी गार केली आणि ६५ ग्रॅम पाणी वाटीत सापडलं! माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की आधी गार करा आणि मग गाळा. पैसे घालायचेच असतील तर जास्त एचपीत न घालता इथे घाला.

करायचं कसं, तर पंप आणि टाकीच्या मधला जो वीतभर गरम पाइप असतो त्याच्या जागी अर्धा इंची तांब्याची पाच-सहा मीटर कॉइल, फ्रिज-एसीवाल्यांकडे मिळते ती, पुलीच्या पंख्याच्या वाऱ्यात येईल अशी बसवायची, किंवा वेगळा छोटा पंखा लावायचा. कॉइलनंतर सेपरेटर, म्हणजे हवेतले थेंब वेगळे काढणारं भांडं, मग टाकी. जोड फ्लेअर नटने करा, रांग्याने झाळू नका, पंपाच्या बाजूला तो मऊ पडतो. पंपाजवळ एक सैल वळसा ठेवा, नाहीतर व्हायब्रेशनने तांबं कडक होत जातं आणि तिथेच चिरतं. आणि एक गोष्ट जिवाची आहे, पंप ते टाकी या रस्त्यात बंद करता येईल असा कुठलाही कॉक लावायचा नाही, सेपरेटर चोंदला तरी पंपाचं प्रेशर कोंडू नये म्हणून त्या बाजूला वेगळा सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच. फिटिंग्ज रविवार पेठेत बोहरी आळीत एका फेरीत मिळतात.

गनकडे जाणारा दाब कमी करणारा रेग्युलेटर मात्र सेपरेटरच्या पुढे. टाकीतली हवा कायम शंभर टक्के आर्द्र, बरोबर? ती ८ बारवरून २ बारला उतरवली की निरपेक्ष दाब (गेजचा अधिक बाहेरचा एक बार) नवावरून तीनवर आला, हवा तिप्पट पसरली, वाफ तेवढीच राहिली. आर्द्रता थेट ३३ टक्क्यांवर. फुकटात कोरडी हवा. म्हणून फवारणीसाठी २ बार पुरत असले तरी टाकी ८ लाच भरावी, कटआउट (मोटर आपोआप थांबते तो दाब) खाली आणून 'वीज वाचवू' नये.

याच ठिकाणी नायट्रोजनबद्दल बोलून घेतो, कारण टायरवाल्याकडे हिरवी टोपी लावून जास्त पैसे घेतात आणि लोक म्हणतात नायट्रोजनने मायलेज वाढतं. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आधीच आहे. त्या सिलिंडरच्या किंवा मशीनच्या हवेचा जो खरा गुण आहे तो कोरडेपणाचा, आणि तो नीट गार करून गाळलेल्या साध्या हवेतही बऱ्यापैकी मिळतो. रोजच्या गाडीला प्रेशर वेळच्या वेळी तपासणं त्याहून जास्त उपयोगाचं. तसंच खंडेनवमीला टाकीला हळदीकुंकू लावतात, जरूर लावा, हत्याराबद्दल कृतज्ञता चांगलीच गोष्ट आहे, पण लिंबू-मिरची बांधून टाकी फुटायची थांबत नाही. ती थांबते तळाचा ड्रेन उघडल्याने.

टाकीचं गणित सोपं आहे. ३० सेंटिमीटर व्यासाची, अडीच मिलिमीटर पत्र्याची टाकी ८ बारला असते तेव्हा पत्र्यावर दर चौरस मिलिमीटरला ५ किलोच्या आसपास ताण असतो. साधं पोलाद २५ पर्यंत सहज सोसतं, म्हणजे पाचपट राखीव. तळाला पाणी साचून पत्रा आतून एक मिलिमीटरवर आला की ताण १२, आणि गंज सारखा खात नाही, खड्डे पाडत खातो, त्यामुळे खड्ड्याच्या तळाशी किंवा वेल्डच्या कडेला तो याहूनही वर जातो. बाहेरून रंग मात्र नवाकोरा. ड्रेनमधून येणारं पाणी रोज बघा, पिवळट-तांबूस असतंच थोडं, पण खपल्या यायला लागल्या तर टाकीची टेस्ट करून घ्या. टेस्ट पाण्यानेच, कामाच्या दाबाच्या दीडपट, म्हणजे १२ बार. पाणी जवळपास दाबलं जात नाही, त्यामुळे टाकी फाटलीच तर दाब क्षणात शून्यावर येतो आणि जमीन ओली होते. हवेने टेस्ट करू म्हणणाऱ्या मिस्तरीकडे टाकी देऊ नका. गळणाऱ्या टाकीला वेल्डिंगचं ठिगळ तर अजिबात नको, टाकी भंगारात.

कंपनीने दिलेला ड्रेनचा स्क्रू टाकीच्या पोटाखाली असतो, वाकून हात पोचत नाही म्हणून कोणी उघडतच नाही. तिथे एल्बो आणि छोटा पाइप लावून बॉल व्हॉल्व्ह बाजूला आणा, शे-दोनशे रुपयांत टाकीचं आयुष्य वाढवणारं याहून स्वस्त काम नाही. टायमरवाला ऑटो ड्रेनही मिळतो, रोज चालवणाऱ्यांना तो बरा.

बाकी मेंटेनन्स पटकन. तेल कंप्रेसरचंच घाला, गाडीचं उरलेलं इंजिन ऑइल नको, पंपातल्या हवा आत-बाहेर सोडणाऱ्या पट्ट्यांवर, म्हणजे गरम रीड व्हॉल्व्हवर, त्याचा कार्बन बसतो. काचेतून तेल दुधट दिसलं तर त्यात पाणी गेलंय, बदला. एअर फिल्टरचा स्पंज लाकडाच्या भुशाने भरतो, तो झटका. बेल्ट मध्यभागी बोटाने दाबल्यावर सेंटिमीटरभर दबावा. पुणे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ आहे, त्यामुळे सीएफएमचा (मिनिटाला किती घनफूट हवा) आकडा बघताना थोडा हात राखून घ्या, त्यातही डिस्प्लेसमेंटचा, म्हणजे नुसत्या पिस्टनच्या मापावरून काढलेला, आकडा बघू नका, प्रत्यक्ष हवा किती देतो तो विचारा.

आणि कान द्या. कटआउटला मोटर थांबली की फुस्स आवाज येतो, तो अनलोडर नावाच्या छोट्या व्हॉल्व्हचा, पंप आणि टाकी यांच्या मधली हवा तो सोडतो. कॉइल बसवल्यावर हा आवाज जरा लांबतो, कारण मधली जागा वाढली, पण काही सेकंदांत थांबला पाहिजे. थांबतच नसेल तर टाकीचा एनआरव्ही (हवा उलटी जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) धरत नाहीये, टाकीच उलटी रिकामी होतेय, आणि फुस्स आलाच नाही तर पुढच्या वेळी मोटर दाबाविरुद्ध सुरू होताना नुसती घुमेल आणि कपॅसिटर जाईल. एनआरव्ही उघडायच्या आधी प्लग काढा, टाकी पूर्ण रिकामी करा, गेज शून्यावर दिसला तरी ड्रेन उघडाच ठेवून मग पाना लावा.