वेस्टर्नमधलं ते लाल वाळवंट आलं कुठून?

वेस्टर्न, म्हणजे काउबॉयचे हॉलिवूडपट, म्हटलं की आपल्याला लाल माती, उभे कातळ आणि खाली इवलेसे घोडेस्वार आठवतात. पण गंमत म्हणजे गुरं हाकणाऱ्या खऱ्या काउबॉयचा बराचसा इतिहास घडला टेक्सास ते कॅन्ससच्या गवताळ माळरानावर, आणि १९०३ चा 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' तर बराचसा न्यू जर्सीत शूट झालेला, तिथं झाडीच झाडी! पुढे इंडस्ट्री कॅलिफोर्नियात गेली, तिथं ऊन भरपूर आणि गाडी काढली की काही तासांत ओसाड रान, त्यामुळे लोन पाइनजवळच्या अलाबामा हिल्सचे गोलमटोल खडक कितीतरी बी-ग्रेड पिक्चरमध्ये दिसतात. म्हणजे वाळवंट आलं ते आधी सोयीपोटी.

खरा फरक पडला मॉन्युमेंट व्हॅलीमुळे. ॲरिझोना-युटाच्या सीमेवर, नवाहो या मूळ अमेरिकन जमातीच्या प्रदेशात. मूकपटाच्या काळात तिथं थोडंफार शूटिंग झालं होतं, पण नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. हॅरी गोल्डिंग आणि त्याची बायको तिथं ट्रेडिंग पोस्ट, म्हणजे देवघेवीचं दुकान चालवायचे. तिशीच्या दशकातल्या महामंदीत नवाहोंचे फार हाल झाले, तेव्हा १९३८ मध्ये हा गडी व्हॅलीचे फोटो घेऊन थेट हॉलिवूडला गेला, फोटो जोसेफ म्युंच यांनी काढलेले. भेटीची कहाणी लोक तिखटमीठ लावून सांगतात, ते सोडा, पण दिग्दर्शक जॉन फोर्डने 'स्टेजकोच' (१९३९) तिथं नेला. तोही सगळा नाही हं, पाठलागाचा प्रसिद्ध सीन कॅलिफोर्नियातल्या मोहावे वाळवंटातल्या कोरड्या तळ्यावर आहे, कारण टणक सपाट जमिनीवर घोडे आणि कॅमेऱ्याची गाडी बरोबरीने पळवता येते.

आता ते कातळ असे का दिसतात? वर कडक वालुकाश्म, खाली मऊ शेल, म्हणजे चिखलाचा बनलेला थरांचा दगड. शेल आधी झिजतो, मग वरचा दगड आधार गेल्यावर सरळ उभा तुटतो, म्हणून वर भिंत आणि पायथ्याशी घसरण. कॅमेऱ्यासाठी आयती नेपथ्यरचना. माणूस किती छोटा आहे हे सांगायला डायलॉगच लागत नाही. लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा, पण ब्लॅक अँड व्हाइटमध्ये खेळ आकार आणि आकाशाचाच. 'फोर्ट अपाची'त (१९४८) तर इन्फ्रारेड फिल्म वापरली, त्यात निळं आकाश जवळजवळ काळं पडतं आणि ढग पांढरेशुभ्र उठून दिसतात. रंग आल्यावर 'शी वोअर अ यलो रिबन'साठी (१९४९) सिनेमॅटोग्राफर विंटन हॉकला ऑस्कर मिळालं.

फोर्ड परत परत तिथंच गेला आणि भूगोलाची पार वाट लागली. 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन' घडतो टूमस्टोनमध्ये, 'द सर्चर्स' टेक्सासमध्ये, दिसते मात्र हीच व्हॅली. नवाहोंना एक्स्ट्रा म्हणून रोजगार मिळाला, पण पडद्यावर ते दुसऱ्याच जमातींचे, कधी अपाची, कधी कोमांची. मला हे जास्त खटकतं, कारण जागा त्यांची आणि गोष्टीत तेच परके.

मग इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेने स्पेनच्या अल्मेरियातलं ताबेर्नासचं वाळवंट अमेरिका म्हणून खपवलं, आणि तरी 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'साठी (१९६८) काही शॉट घ्यायला मॉन्युमेंट व्हॅली गाठलीच. आपल्याकडे 'शोले'साठी बंगळुरूजवळच्या रामनगरचे डोंगर सुचवले ते कला दिग्दर्शक राम येडेकर यांनी, आणि तिथं तर वाळवंटही नाही, नुसता ग्रॅनाइट.