न दिसणारा रेणू वजनात कसा सापडला

‘अणू तरी कुणी डोळ्यांनी पाहिलेत? ते मानता, मग माणसाभोवतीची दिव्य स्पंदनं का मानत नाही?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतो. त्याला नीट उत्तर द्यायला हवं, कारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अर्न्स्ट माखसारखा पदार्थविज्ञानीही अणूंना हिशेबापुरती सोय समजत होता.

1908 साली पॅरिसमध्ये ज्याँ पेरँ या फ्रेंच पदार्थविज्ञान्यानं या वादाला प्रयोगानं हात घातला. हवा उंचीबरोबर विरळ होते हे शाळेत शिकलेलं असतं. खोलीच्या तापमानाला नुसता ऑक्सिजन सुमारे 5.4 किलोमीटर उंचीवर निम्मा होईल. कण जितक्या पट जड, तितक्या पट ही ‘निम्मे होण्याची उंची’ कमी. रेणू खरोखर असतील, तर पाण्यात तरंगणाऱ्या, सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या कणांनाही ते सतत धडका देत असणार आणि तोच नियम त्या कणांना लागू पडायला हवा.

कण होते गॅम्बोजचे. हा रंगासाठी वापरला जाणारा पिवळा, राळेसारखा चीक. तो पाण्यात चोळला की बारीक गोल कण सुटतात, पण लहानमोठे. मिसळ तशीच ठेवली तर मोठे कण खाली जास्त साचतात आणि मोजणी फसते. म्हणून पेरँ ते सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरागरा फिरवून जड-हलके कण वेगळे करणाऱ्या यंत्रात, पुन्हा पुन्हा फिरवून निवडत राहिला. एक किलो गॅम्बोजमधून एकसारख्या आकाराचे कण मिळाले ते ग्रॅमच्या काही दशांशांइतकेच, तेही कित्येक महिन्यांनी!

पाण्याचा थर 100 मायक्रॉन जाडीचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). कडा बंद, नाहीतर पाणी उडून जाऊन प्रवाह सुरू होतात. हलणारे वीस-तीस कण एका नजरेत मोजता येत नाहीत, म्हणून सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून एका वेळी पाच-सहाच दिसतील अशी सोय केली. 0.212 मायक्रॉन त्रिज्येच्या कणांची 5, 35, 65 आणि 95 मायक्रॉन उंचीवर मिळून सुमारे 13,000 वेळा मोजणी झाली. तळाशी 100 धरले, तर वर अनुक्रमे 47, 22.6 आणि 12. म्हणजे दर 30 मायक्रॉनला निम्मे!

आता भागाकार करा. 5.4 किलोमीटर भागिले 30 मायक्रॉन म्हणजे 18 कोटी. प्लावक बल, म्हणजे पाण्याचा वर ढकलणारा जोर, वजा जाता कणाचं वजन सुमारे 8.3 × 10⁻¹⁵ ग्रॅम. ऑक्सिजनचा रेणू त्याच्या 18 कोटीव्या हिश्शाएवढा, 4.6 × 10⁻²³ ग्रॅम. 32 ग्रॅम ऑक्सिजनमध्ये मग सुमारे 7 × 10²³ रेणू. आजचा आकडा 6.022 × 10²³ आहे.

पण एकट्या या प्रयोगावर भरवसा ठेवायचं कारण नाही. विद्युतविघटनात एक मोल (32 ग्रॅम ऑक्सिजनमध्ये जितके रेणू, तितके) एकसंयुजी, म्हणजे एकाच इलेक्ट्रॉनएवढा भार असलेल्या, आयनांना लागणारा 96,485 कूलॉम (विद्युतभाराचं एकक) विद्युतभार एका इलेक्ट्रॉनच्या भारानं भागा. रेडियममधून सुटणारे अल्फा कण एकेक मोजा आणि त्यांचाच जमलेला हेलियम वायू मापा. आकाशाच्या निळाईवरून हिशेब करा. या पद्धतींत समान उपकरण नाही की समान चूक नाही, तरी संख्या 10²³ च्याच घरात, सहा-सातच्या आसपास येते. रेणू नसतील, तर हा मेळ कशानं बसला हे कुणालाच सांगता येत नाही. स्पंदनवाल्यांकडे मुळात असा एकही आकडा नाही, मग दुसऱ्या वाटेनं तो ताडून बघणार तरी कसा?

अणूंचा कट्टर विरोधक असलेल्या विल्हेल्म ओस्टवाल्ड या रसायनशास्त्रज्ञाने 1909 मध्ये आपल्या रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाच्या नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत अणू मान्य केले.