घरच्या झाडाच्या लाकडाचा क्रूस भेट द्यायची पद्धत कुठून आली?

आमच्या ओळखीत ठाण्यात हल्ली पहिल्या कम्युनियनला (मुलं चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसादाची भाकर घेतात तो विधी) किंवा नवीन फ्लॅटच्या आशीर्वादाला दुकानातला चकचकीत क्रूस न देता आजोबांच्या वाडीतल्या फणसाचा नाहीतर पावसात पडलेल्या चिंचेचा क्रूस हाताने बनवून देतात, आणि बघणाऱ्याला वाटतं हे इन्स्टाग्रामवरचं नवीन फॅड आहे. तसं अजिबात नाही, ह्याची मुळं खूप जुनी आहेत.

इ.स. ३५० च्या सुमारास जेरुसलेमचे धर्मगुरू सिरिल प्रवचनात सांगत होते की येशूच्या क्रूसाच्या लाकडाचे तुकडे जगभर पोचलेत. त्याच शतकाच्या शेवटी तिकडे गेलेली इजेरिया नावाची यात्रेकरू लिहून ठेवते की गुड फ्रायडेला लोक त्या लाकडाचं चुंबन घ्यायला यायचे तेव्हा डीकन, म्हणजे चर्चचे सेवक, पहाऱ्याला उभे असायचे, कारण पूर्वी कोणीतरी चुंबन घेता घेता दातांनी तुकडाच तोडून पळवला होता म्हणे! ५६९ साली तर सम्राट दुसऱ्या जस्टिनने असा तुकडा थेट फ्रान्सला, राणीपद सोडून नन झालेल्या राडेगुंडला पाठवला. म्हणजे लाकूड कुठलं, ह्यालाच तेव्हापासून किंमत आहे, कोरीवकाम नंतरचं.

आता तो तुकडा सगळ्यांना कुठून मिळणार, मग निदान त्या भूमीतल्या झाडाचं लाकूड तरी मिळावं असं यात्रेकरूंना वाटणारच. बेथलेहेमचे ऑलिव्हचे क्रूस आजही येतात, घरोघरी असतात, ती कारागिरी वाढायला फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या पंथाच्या, साधूंचा मोठा हात आहे. ह्यात मला सगळ्यात आवडतं ते हे की लाकूड बहुतेक छाटणीच्या फांद्यांचं असतं, झाड फळं देत उभंच राहतं.

हेच फ्रान्सिस्कन ठाण्यात १३२१ सालीच आले होते, पोर्तुगीजांच्या दोनशे वर्षं आधी! त्यांच्यातले चौघे इथेच मारले गेले, आणि जॉर्डनस नावाच्या फादरने त्यांना सोपाऱ्याला पुरलं. पुढे १५३४ ला वसईबरोबर साष्टी (ठाणं ज्यावर आहे ते बेट) पोर्तुगीजांकडे गेली, चर्चेस उभी राहिली, १७३७ ला मराठ्यांनी ठाणं घेतलं, तरी इथली ख्रिस्ती वस्ती टिकली. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबई-साष्टीच्या गावठणांत नाक्यानाक्यावर क्रूस उभे राहिले, रोग टळू दे म्हणून लोक तिथे उघड्यावर प्रार्थना करायचे. ते आज बहुतेक दगडी नाहीतर सिमेंटचे दिसतात, पण गावाने मिळून क्रूस करायचा ही सवय तिथे पक्की झाली असं मला वाटतं.

आणि घरच्याच झाडाचं लाकूड का, तर वाडी विकली, टॉवर आला, की झाड जातं, क्रूसात त्याची आठवण उरते. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात आपल्याकडे किती झाडं पडली ते आपण बघितलंच. अशा पडलेल्या झाडाचं खोड परवानगीने मिळालं तर जरूर घ्या, पण क्रूससाठी उभं झाड तोडू नका, महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे शहरात झाड तोडायला परवानगी लागतेच, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरचं झाड हेरिटेज धरतात.

लाकूड ओलं असताना मात्र घाई नको, सुतार लोक जाडीच्या दर इंचाला साधारण वर्ष वाळू देतात, नाहीतर चीर जाते. फणसाचं उत्तम, पिवळं असतं आणि वर्षं जातात तसं गडद होतं. आंब्याला कीड लवकर लागते. दोन पट्ट्यांना मध्ये अर्धी अर्धी खाच पाडून बसवा, खिळा नको, वरून जवसाचं तेल, आणि मागच्या बाजूला झाड कोणतं, कुठल्या वाडीतलं आणि कोणी लावलं होतं ते नक्की लिहा.